वाकड्या अंगठ्यांचं हॉस्पिटल

किस्से गोळा करावे लागत नाहीत. आमच्या हॉस्पिटलच्या ड्रेसिंग रूमबाहेर चपलांचा ढीग जसा आपोआप होतो ना, तसेच ते होतात. दुपारी एक जोड असतो, चार वाजता पाच, आणि सात वाजता दार उघडत नाही! मी रोज त्या ढिगाशेजारच्या टेबलावर बसून अभ्यास करते. त्यामुळे मला चपलाही दिसतात आणि किस्सेही.

"आमचं हॉस्पिटल" म्हणजे आमच्या मालकीचं नाही. आई तिथे अठरा वर्षं सिस्टर आहे, म्हणून आमचं. मुलुंडमधलं हाडांचं छोटंसं हॉस्पिटल, दहा खाटांचं. बाबा विक्रोळीला कंपनीत शिफ्टला असतात, माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी एकपासून आईची ड्युटी संपेपर्यंत मी तिथेच. पाचवीत होते तेव्हापासून. आता नववीत आहे.

आमच्या मॅडम फक्त पायाचं ऑपरेशन करतात, आणि त्यातही जास्त करून बुनियनचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पायाचा अंगठा हळूहळू शेजारच्या बोटाकडे कलायला लागतो आणि त्याच्या मुळाशी सांधा बाहेर येतो, लिंबाएवढा. चपलेत पाय मावत नाही. पुढे पुढे अंगठा शेजारच्या बोटाच्या खाली घुसतो आणि ते बिचारं बोट वर चढून बसतं. फारच वाढलं तर मॅडम हाड कापतात, सरळ करतात आणि स्क्रूने बसवतात.

हे मी इतक्या शांतपणे लिहिलं, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी डबा अर्धा टाकून दिला होता.

पेशंटलाही हे माहीत नसतं. घाटकोपरहून एक काकू आल्या होत्या. (नावं मी कुणाचीच खरी लिहिणार नाहीये, आईने बजावलंय.) मुलीचं लग्न बारा दिवसांवर. हातात नवीन सोनेरी सँडलचा बॉक्स. तो त्यांनी थेट मॅडमच्या टेबलावर उघडला.

"ह्यात पाय बसला पाहिजे. बस, एवढंच करा."

मॅडमनी सँडल बघितली, पाय बघितला. "ऑपरेशन करावं लागेल."

"हो हो, करा ना. आजच करा. फक्त साडेचारला पार्लरची अपॉइंटमेंट आहे, त्याच्या आत होईल ना?"

मॅडमनी एक्स-रे लावला आणि पेनने दाखवायला सुरुवात केली. इथे कापणार, इथून सरकवणार, इथे स्क्रू. काकूंचा चेहरा पांढरा होत गेला. मी दारातून बघत होते, मला वाटलं आता पडतात!

"म्हणजे हाड तोडणार?"

"कापणार."

"अहो, मला वाटलं कानस मारतात!"

त्यांनी सँडल उलटीपालटी करून बघितली. मग बॉक्सचं झाकण लावलं आणि विचारलं, "डॉक्टर, त्यापेक्षा सँडल कापली तर?"

*

ऑपरेशन बहुतेक वेळा एका पायाचं करतात, दुसऱ्याचं नंतर. आणि बुनियन तर दोन्ही पायांना असतो! म्हणून मॅडमचा एक कडक नियम आहे. ऑपरेशनच्या सकाळी पेशंटने स्वतःच्या हाताने, मार्करने, त्या पायावर बाण काढायचा. आई समोर उभी राहते आणि फाईलशी जुळवून बघते. मॅडम बाण बघितल्याशिवाय हात धूत नाहीत.

एकदा बँकेतून रिटायर झालेले एक आजोबा ॲडमिट होते. आईने त्यांना मार्कर दिला आणि तेवढ्यात फोन आला म्हणून दोन मिनिटं बाहेर गेली. परत आली तर आजोबा चष्मा लावून लिहीतच होते!

उजव्या पायावर नीट बाण. खाली लिहिलेलं: "हाच." डाव्या पायावर बाण नाही, पण घोट्यापासून बोटांपर्यंत तीन ओळी: "हा पाय चालू आहे. ह्याला हात लावू नये. चूक झाल्यास हॉस्पिटल जबाबदार." खाली सही. सहीखाली तारीख.

आईने सगळं वाचलं. मग म्हणाली, "काका, शिक्का राहिला."

आजोबा गंभीरपणे म्हणाले, "तो घरी आहे. मुलाला आणायला सांगू का?"

*

मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो मालाडच्या कदमकाकूंचा. ऑपरेशननंतर पेशंटला एक खास बूट मिळतो. त्याचा तळ लाकडासारखा कडक असतो, वजन फक्त टाचेवर येतं. सहा आठवडे त्याच्याशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही. आई हे प्रत्येकाला तीन वेळा सांगते आणि एकदा त्यांच्याकडून म्हणून घेते.

दहाव्या दिवशी कदमकाकू ड्रेसिंगला आल्या. पायात बूट, अगदी व्यवस्थित. आईने बूट काढला. बँडेज खालून काळंकुट्ट. शेजारच्या बोटात सरळ ठेवण्यासाठी घातलेली बारीक तार, जिचं टोक बोटाबाहेर दिसतं, ती वाकलेली!

"काकू, बूट घालता ना?"

"घालते ना! म्हणजे काय! तुम्ही सांगितलंत तसंच."

"मग हे काय?"

"काय?"

"बँडेज काळं कसं?"

"ते घरात फिरते ना, त्याने असेल."

"घरात बूट नाही घालत?"

कदमकाकू आईकडे अशा बघायला लागल्या, जणू आईनेच काहीतरी भलतं विचारलंय. "सिस्टर, घरात पायात घालून कसं फिरणार? दाराबाहेर काढते. घरात देव आहेत!"

आईने डोळे मिटले, उघडले. "मग बूट घालता कधी?"

"बाहेर जाताना."

"दहा दिवसांत बाहेर किती वेळा गेलात?"

"आजच. इथे यायला."

त्या दिवसापासून आईच्या सूचनांमध्ये एक वाक्य वाढलं. ती पेशंटच्या सासूलासुद्धा समोर बसवून ते सांगते: "बूट घरात घालायचा, स्वयंपाकघरात घालायचा, देवघरात पण घालायचा. देवाला मी सांगितलंय."

*

आता गावडेकाका. गावडेकाका मूळचे मालवणकडचे. ते एक्स-रे काढतात, पण खरं तर सगळंच करतात. स्ट्रेचर ढकलतात, फोन उचलतात आणि भेटायला येणाऱ्यांना ओरडतात. पण त्या दिवशी ते जेवायला गेले होते, तिथेच घात झाला.

वाकोल्याच्या एक आजी होत्या. ऑपरेशनचा तिसरा दिवस. पाय उशीवर, बोटातून तार बाहेर. नातवाचं नुकतंच लग्न झालेलं, म्हणून नवीन जोडपं आणि गावाहून आलेले पाहुणे असे अकरा जण भेटायला आले. अकरा! पेढे घेऊन.

आधी नवी नवरी वाकली. आजींच्या पायावर डोकं टेकलं.

"अखंड सौभाग्यवती... आई गं!!"

मग नवरदेव. "औक्षवंत हो... मेले!"

मला बाहेर ऐकू येत होतं. मी उठून दारात गेले. सगळे रांगेत उभे होते! आजी ओरडत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पाहुण्यांना वाटत होतं की नातसून बघून आजींना भरून आलंय. एक मामी तर पदराने स्वतःचे डोळे पुसत होत्या. पाया न पडता परत जायचं, ते कसं चालेल? आणि आशीर्वाद न देता आजी तरी कशा गप्प बसतील? प्रत्येकाला एक आशीर्वाद, एक किंकाळी. आशीर्वाद, किंकाळी.

मी आईला हाक मारायला पळाले. आई येईपर्यंत दहा जण झाले होते. अकरावा एक उंच मुलगा होता, तो वाकणार तेवढ्यात आजी हात जोडून म्हणाल्या, "तू नको रे पडू बाबा! तू तसाच मोठा हो!"

जेवून आल्यावर गावडेकाकांना सगळं कळलं. त्यांनी लगेच पुठ्ठ्यावर पाटी लिहून वॉर्डच्या दाराला लावली: "पेशंटच्या पाया पडू नये."

दुसऱ्याच दिवशी एका बाईंनी पाटी वाचून विचारलं, "मग कुणाच्या पडायचं?"

गावडेकाका म्हणाले, "माझ्या पडा. माझे पाय बरे आसत."

*

त्या तारेचाही एक किस्सा आहे. ती पाच-सहा आठवड्यांनी ड्रेसिंग रूममध्येच ओढून काढतात. दोन सेकंद लागतात, फारसं दुखत नाही. मी मात्र कान झाकून घेते.

अंधेरीच्या एका आँटींची तार मॅडमनी काढली, आईने ट्रेमध्ये ठेवली आणि कापूस घ्यायला वळली. परत बघते तर ट्रे रिकामा!

"आँटी, तार कुठे गेली?"

"पर्समध्ये."

"अहो, ती टाकायची असते! हॉस्पिटलचा कचरा आहे तो!"

"सहा आठवडे मी पायात घातली आणि कचरा कसा? माझी आहे." आणि पर्सची चेन लावली. मॅडम "नाही नाही" म्हणेपर्यंत आँटी टाचेवर टकटक करत लिफ्टमध्येसुद्धा गेल्या!

महिन्याने तपासायला आल्या. अंगठा मस्त सरळ झालेला. आईने सहज विचारलं, "त्या तारेचं काय केलंत? टाकलीत ना?"

"टाकते कशाला? अहो सिस्टर, गॅसच्या बर्नरची भोकं साफ करायला काय झकास आहे!"

मी त्या दिवशी संध्याकाळी वडापाव खाल्ला नाही. वडापावचा काही संबंध नव्हता, तरी नाही खाल्ला.

*

पुढचा किस्सा हसण्यासारखा नाहीये, पण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मॅडम दर शनिवारी आठवड्याचे सगळे एक्स-रे एकामागोमाग एक पांढऱ्या लाईटच्या पाटीवर लावून बघतात. आई फाईल हातात घेऊन शेजारी उभी असते. त्या शनिवारी एक फिल्म लावल्यावर मॅडम एकदम पुढे झुकल्या.

"हा कुणाचा पाय आहे?"

नाव नव्हतं. गावडेकाका तर कधी नाव विसरत नाहीत!

"अंगठा बघा कुठे गेलाय! शेजारचं बोट तर सांध्यातून निसटायलाच आलंय. हा माणूस चालतो कसा? सिस्टर, ह्याला आधी बोलवा. अजून एक वर्ष काढलं ना, तर उभं राहायची वाट लागेल. कोण आहे हा?"

गावडेकाका छताकडे बघायला लागले.

मग आई हळूच म्हणाली, "मॅडम, माझा."

मी दारातच होते. मग मी आईच्या पायांकडे बघितलं. म्हणजे रोज बघायचे, पण त्या दिवशी नीट बघितलं. तिच्या उजव्या पांढऱ्या बुटाला अंगठ्याच्या बाजूला गोल भोक होतं, ड्रेसिंगच्या कात्रीने कापलेलं, अगदी नीटनेटकं. त्यातून सांधा बाहेर आला होता, लाल. इतकी वर्षं लोकांच्या चपला बघत बसले आणि हे भोक मला दिसलं नव्हतं!

मॅडमही तिच्या बुटाकडेच बघत होत्या. "सिस्टर, किती वर्षं?"

"झाली असतील... चार-पाच."

"पुढच्या आठवड्यात करू."

"पुढच्या नको मॅडम. गणपती आहेत."

गणपती झाले. मग माझी सहामाही होती. मग दिवाळी, मग गावी चुलतमामाच्या घरचं कार्य, मग "थंडीत हाड दुखतं". थंडी! मुलुंडमध्ये!

*

आई पेशंटला काय सांगते ते मला पाठ आहे. "घाबरू नका हं. कमरेत एक इंजेक्शन, खालचं काही कळत नाही. मध्ये पडदा असतो. गाणी लावतो. काही ऐकूसुद्धा येत नाही." इतक्या शांत आवाजात सांगते की पेशंटचे ताठलेले खांदे खाली येतात. मी बघितलंय.

एका रात्री जेवताना मी विचारलं, "आई, तू का नाही करून घेत? दुखत नाही ना? तूच सांगतेस."

"दुखायचं काही नाही गं."

"मग?"

तिने भात कालवला, खाल्ला नाही. "ती करवत."

हाड कापायची करवत असते, विजेवर चालणारी, हातात मावेल एवढी. मी बंद दाराबाहेरून तिचा आवाज ऐकलाय. फर्निचरवाल्याकडे येतो तसाच, फक्त बारीक.

"पण ऐकू येत नाही ना? गाणी लावता ना?"

"येतं," आई म्हणाली. "सगळं ऐकू येतं. गाण्याने काय होतंय! अठरा वर्षं मी तो आवाज दुसऱ्यांच्या पायांवर ऐकतेय. माझ्या स्वतःच्या पायावर मला नाही ऐकायचा."

"मग पूर्ण भूल घे ना."

"दमा आहे मला. भूलतज्ज्ञ डॉक्टर म्हणाले, कमरेखालचीच देणार."

म्हणजे इतकी वर्षं ती सगळ्यांना खोटं सांगत होती! मला धक्का कशाचा बसला तेच कळेना. खोट्याचा, की आई घाबरते ह्याचा.

*

आणि मग आल्या सुर्वेमावशी.

सुर्वेमावशी भांडुपला पोळीभाजी केंद्र चालवतात. दिवसभर तव्यापुढे उभ्या. माझ्या शाळेला सुट्टी होती, म्हणून ऑपरेशनच्या सकाळी मीही तिथेच होते. त्यांनी हिरवा गाऊन घातला, मार्करने बाण काढला, फाईल जुळली. आईने सुरुवात केली, "घाबरू नका हं. कमरेत एक इंजेक्शन..."

"सिस्टर, तुमचं झालंय का?"

"काय?"

"हेच. ऑपरेशन." आणि बोट खाली. मावशी पलंगावर बसल्या होत्या, त्यांची नजर बरोबर आईच्या बुटाच्या भोकावर! "माझ्यापेक्षा तुमचा अंगठा वाकडा आहे. तुमचं का नाही केलं?"

आईने तो पाय दुसऱ्या पायामागे ओढला.

"तुम्ही इथे रोज असता, डॉक्टरीण घरची, तरी नाही केलं. म्हणजे काहीतरी आहे. तुम्ही घाबरता आणि मला सांगता घाबरू नका?"

"तसं नाही मावशी..."

"पहिलं तुमचं. मग माझं." मावशी उठल्या, साडीची पिशवी उचलली आणि चालायला लागल्या. गाऊनवरच! पायावर बाण, पाठीमागे गाऊनच्या नाड्या आणि त्यावर ओढलेला स्वतःचा पंचा! जिना उतरून खाली, समोर उभ्या रिक्षात!

गावडेकाका मागून धावले. "ओ बाई! पेशंट गेली तर जांवदे, गाऊन तरी दी!"

रिक्षा गेली.

तीन दिवसांनी मावशींच्या केंद्रावरची मुलगी पिशवी घेऊन आली. गाऊन धुतलेला, इस्त्री केलेला, वर दोन पुरणपोळ्यांचा डबा आणि निरोप: "सिस्टरची तारीख ठरली की फोन करा, मी नंतरची घेते."

मॅडमनी पुरणपोळीचा तुकडा तोंडात टाकला, डायरी उघडली आणि आईला म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्यामुळे माझा पेशंट पळाला. पुढचा मंगळवार. आता कुठला सण आहे ते सांगा."

आईने खूप विचार केला. पुढच्या मंगळवारी काहीही नव्हतं.

*

मंगळवारी मी शाळा बुडवली. सकाळी आईने हिरवा गाऊन घातला. आईला तो फार मोठा होत होता. गावडेकाकांनी मार्कर दिला, तिने बाण काढला. इतक्या जणांचे बाण तिने तपासले असतील, पण तिचा स्वतःचा बाण ओढ्यासारखा वाकडा आला. ते बघून गावडेकाकांनी मार्करचं टोपण लावून टाकलं. मला जास्तच भीती वाटली.

मी तिच्या कानात माझे इअरफोन घातले आणि मोबाईलवर गाणी लावून दिली. मोठ्ठ्या आवाजात. "काढू नकोस," मी म्हटलं. "तुला काही ऐकू येणार नाही." ती हसली. हे ती स्वतः सगळ्यांना सांगते ते मला नंतर आठवलं.

आईच्या जागी एक नवीन सिस्टर आली होती, एजन्सीतून, एका दिवसासाठी. ती आत गेली. भूलतज्ज्ञ गेले. मॅडमनी बाण बघितला, मग हात धुतले. दार बंद झालं.

मी आणि बाबा बाकावर. बाबा सकाळचा पेपर धरून बसले होते, उलगडलासुद्धा नव्हता.

बराच वेळ काही नाही. मग आवाज आला. करवत.

मी बाबांचा हात धरला. मी मनात म्हणत होते, आईला ऐकू येत नसू दे, आईला ऐकू येत नसू दे. आणि चार-पाच सेकंदांत आवाज एकदम बंद झाला.

बंद!

हाड एवढ्यात कापून होत नाही, हे मला माहीत आहे. मी चार वर्षं तो आवाज बाहेरून ऐकतेय, तो मध्येच असा कधीच थांबत नाही. आत कुणीतरी बोलत होतं. कुणीतरी पटपट चाललं. कपाटाचं दार आपटलं. बाबा उठून उभे राहिले. गावडेकाका दाराच्या काचेपाशी गेले, आत बघितलं आणि तसेच उभे राहिले, तोंड उघडं ठेवून. मी विचारलं, "काका, काय झालं?" त्यांनी फक्त हात वर करून मला थांबवलं! मला वाटलं आई घाबरून उठून बसली. मला वाटलं तिला दम लागला. मला काय काय वाटलं ते मी इथे लिहीत नाही.

मग करवत परत सुरू झाली. ह्या वेळी थांबली नाही.

पाऊण तासाने मॅडम बाहेर आल्या. टोपी काढली आणि चक्क बाकावर माझ्या शेजारी बसल्या. मॅडमना बाकावर बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"झालं. छान झालं," त्या म्हणाल्या. "अंगठा एकदम सरळ."

बाबांनी आधी देवाला हात जोडले, मग मॅडमना. मी विचारलं, "मॅडम, करवत मध्येच बंद का झाली?"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तू ऐकलंस?"

मी मान हलवली.

"अगं, मी करवत हाडाला लावली. पाच सेकंद झाले नसतील, पडद्यामागून तुझी आई म्हणते, 'मॅडम, थांबा!' बघते तर इअरफोन काढून छातीवर ठेवलेले. मला वाटलं, गेली ही, घाबरली! मी करवत बंद केली. म्हटलं, 'सिस्टर, दुखतंय का?'"

"मग?"

"म्हणते, 'दुखत नाही हो. ब्लेड बोथट आहे. आवाज जाड येतोय. नव्या सिस्टरने जुनं पाकीट काढलंय. डावं कपाट, दुसरा कप्पा, मागच्या बाजूला.'"

बाबा खाली बसले.

"मी ब्लेड काढून बघितलं," मॅडम म्हणाल्या. "खरंच बोथट होतं! नवीन आणलं, बसवलं, परत करवत सुरू केली. तुझ्या आईने जरा वेळ ऐकलं. म्हणाली, 'हं. आता बरोबर.'"

"आणि?"

"आणि घोरायला लागली!"